दमलेली बस

आमच्या बेटावरच्या नुव्हेल फ्रांस गावात आमची बस चालवणारा माणूस बसबद्दल असा बोलायचा, जणू ती घरातली आजारी बाईच. "आज तिला बरं नाय," म्हणायचा आणि चढ सावकाश चढायचा. तो हसल्याचं मला आठवत नाही.

नोव्हेंबरात लढाईत मेलेल्यांच्या आठवणीचा रविवार यायचा. क्युरपिप शहरात साहेबलोक अकराच्या ठोक्याला शिपायाच्या पुतळ्यापाशी टोप्या काढून गप्प उभे राहायचे, मग फुलं वाहायचे. आम्ही सोमवारची रजा जोडून त्याच रविवारी हीच बस ठरवायचो आणि ढोलकी, बिर्याणीचं पातेलं घेऊन समुद्रावर निघायचो. दरवर्षी वाटेत, उसाच्या शेतांमध्ये, बस बंद पडायची.

"फिन गाते!" सगळे ओरडायचे. म्हणजे, बिघडली!

"गाते नाय. दमलीय. जरा ढकला," तो म्हणायचा. आम्ही उतरून, शिव्या देत, हसत ढकलायचो.

एका वर्षी बस थांबली तेव्हा माझी नजर घड्याळावर गेली. बरोबर अकरा. तो टोपी काढून, मान खाली घालून बसला होता. बस पुन्हा सुरू झाल्यावर मी त्याच्याजवळ गेलो.

"काका, दरवर्षी अकरालाच दमते?"

त्यानं गिअर बदलला. "लढाईत, इजिप्तला, आमची लॉरी वाळूत रुतायची. आम्ही आठ जण ढकलायचो, असंच हसत. घरी दोघं आलो." मग म्हणाला, "त्यांना सांगू नको. सांगितलंस तर गप्प राहून ढकलतील."

समुद्रावर आम्ही दिवसभर डुंबलो. तो बसमध्येच झोपला.

पुढच्या वर्षी बस थांबली, तेव्हा "फिन गाते!" म्हणून सगळ्यांत मोठ्यानं मीच ओरडलो.