रविवारचे रकाने

माझ्या एम.एस्सी.च्या पदवीवर माझं नाव आहे, पण ती ज्यांच्यामुळे मिळाली ते सातवीपर्यंत शिकलेले होते. आमच्या कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात ते प्रयोगशाळेचे शिपाई होते आणि विद्यार्थ्यांपासून विभागप्रमुखांपर्यंत सगळे त्यांना मामा म्हणत. आईवडिलांनंतर मी कुणाचा ऋणी असेन तर मामांचा. हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढचं वाचून कुणाला वाटेल की मी ते विसरलो.

ऐंशीच्या दशकाच्या मधली वर्षं होती. माझे वडील तालुक्याच्या बाजारपेठेत धान्याच्या दुकानात मापाडी होते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. बी.एस्सी. गावाजवळ झालं आणि पुढे कीटकशास्त्र घेऊन मी पार्ल्याच्या कॉलेजात आलो. राहायला घाटकोपरला, गावच्या चार जणांच्या खोलीत. वर्गातलं इंग्रजी माझ्या डोक्यावरून जायचं. वर्गातली मुलं वाईट नव्हती, पण मी प्रश्न विचारला की ती खाली बघत, आणि मग मी प्रश्न विचारणं सोडलं.

पहिल्याच प्रात्यक्षिकात भुंगेऱ्याला टाचणी लावायची होती. मी ती बरोब्बर मधोमध खुपसली. पाठीमागून आवाज आला, "मेल्या, उजव्या पंखातून. मधोमध खुपसलंस तर त्याची वळख काय रवली?" वळून बघितलं तर हातात बरण्यांचा ट्रे घेतलेले मामा. ते मूळचे मालवणकडचे, राहायला कांजूरमार्गला. बोलता बोलता मालवणी व्हायचे आणि सर समोर आले की परत पुस्तकी मराठीत यायचे. भुंगेऱ्याची ओळख पाठीवरच्या मधल्या खुणांवरून पटते, म्हणून टाचणी उजव्या पंखातून. हे पुस्तकातही होतं, पण मला कळलं ते मामांकडून.

त्यानंतर मी त्यांच्या मागेच असायचो. तांदळातले सोंडकिडे कसे वाढवायचे, बरणीच्या तोंडावर मलमल किती घट्ट बांधायची, किडा चिमट्याने न उचलता अगदी बारीक ब्रशाच्या टोकावर कसा घ्यायचा, हे त्यांनी शिकवलं. तो ब्रशही त्यांनीच दिला. सोंडकिड्याला धक्का लागला की तो पाय पोटाशी घेऊन मेल्यासारखा पडून राहतो. नवखा माणूस त्याला मेलेल्यांत मोजतो. मामा म्हणायचे, थांब, त्याच्यावर तोंडाची ऊब सोड आणि शंभर मोज. मेला असेल तर शंभर झाल्यावरही मेलेलाच असेल. आमच्याकडे आई या किड्यांना टोके म्हणते आणि ते दिसले की उन्हात धान्य पसरते. इथे मी त्यांच्यावर फुंकर घालत बसायचो आणि मामा हसायचे. "काय रे, किड्यांचो डॉक्टर झालंस?"

रविवारचं कामही त्यांनीच मिळवून दिलं. त्यांच्या ओळखीचा एक जण झुरळं-ढेकणांची औषधं मारायचं कंत्राट घ्यायचा. रविवारी अंधेरी, मुलुंड, बोरिवली, जिथे सोसायटी ठरेल तिथे पंप पाठीवर घेऊन जायचं. लोक स्वयंपाकघरातली सगळी भांडी बाहेर काढून ठेवत आणि आम्ही मोरीपासून सुरुवात करायचो. त्या पैशांत माझ्या महिन्याच्या जेवणाचा खर्च सुटायचा.

प्रबंधासाठी मी विषय घेतला तो घरचा. आई धान्यात वेखंडाचे तुकडे टाकायची. वेखंडाच्या पुडीने सोंडकिडे खरोखर मरतात का, हे बघायचं ठरवलं. बारा बरण्या. प्रत्येकीत भट्टीतून काढलेले, म्हणजे आत एकही अंडं जिवंत नाही असे तांदूळ आणि मोजून पन्नास किडे. काही बरण्यांत वेखंड, काही साध्या. रोज मेलेले किडे मोजून बाहेर काढायचे आणि वहीत तारखेच्या रकान्यात आकडा लिहायचा. तीन आठवडे. मग तेच सगळं दुसऱ्यांदा.

पण रविवारी कोण मोजणार? मी कंत्राटदाराकडे नाही म्हणायला निघालो तेव्हा मामांनीच अडवलं. म्हणाले, रविवारी मी येतो, सगळ्यांच्या बरण्या बघतो, आजवर सगळ्या पोरांच्या मीच बघत आलोय. सोमवारी वही उघडली की रविवारच्या रकान्यात त्यांचं टपोरं, थोडं उजवीकडे झुकलेलं अक्षर असायचं. कांजूरहून सुट्टीच्या दिवशी आपल्यासाठी येतात, या विचाराने मला ओशाळल्यासारखं व्हायचं. एकदा मी त्यांच्यासाठी गावाहून चिंच आणली होती.

पहिली फेरी संपली. मी मेलेल्यांची आणि उरलेल्या जिवंतांची बेरीज केली. एका वेखंडाच्या बरणीत मेलेले एक्केचाळीस, जिवंत सोळा. सत्तावन्न. पन्नास टाकले होते. मापाड्याचा मुलगा असल्यामुळे मी ती बेरीज पाच वेळा केली. साध्या बरण्यांत एखाद-दुसरा जास्त, वेखंडाच्या बरण्यांत पाच-सहा-सात जास्त. आधी वाटलं, पिल्लं झाली असतील. पण अंड्यातून नवा किडा दाण्याबाहेर यायला महिना लागतो आणि माझे तीन आठवडेच झाले होते. मग वाटलं, टाकतानाच चूक झाली. बाराही बरण्यांत चूक केली असेन असं मानायला मी तयार होतो. मामांचं नाव मनात आलं नाही.

दुसऱ्या फेरीतल्या एका रविवारी अंधेरीच्या सोसायटीत कुणी वारलं आणि काम रद्द झालं. पंप पाठीवरच होता. म्हटलं, जवळच आहे, मामांना मदत करावी. प्रयोगशाळेला कुलूप होतं. मी खाली येऊन वॉचमनला विचारलं, मामा येऊन गेले का. तो म्हणाला, रविवारी इथे कोण मरायला येतंय. किल्ल्यांची वही उघडी होती. किल्ली घेणाऱ्याने सही करायची पद्धत होती. मी मागची पानं उलटली. जूनपासून एकाही रविवारी प्रयोगशाळेच्या किल्लीपुढे सही नव्हती.

सोमवारी मी मुद्दाम लवकर गेलो. वहीत रविवारचे बाराही आकडे होते. टपोरे, झुकलेले.

मामा टेबल पुसत होते. मी विचारलं, काल आला होतात का. ते म्हणाले, येणार नाही तर कोण येणार. मी किल्लीच्या वहीचं सांगितलं. त्यांनी फडकं खाली ठेवलं नाही, पुसतच राहिले. मग म्हणाले, "अरे, किडोच तो. शनिवारी मेलो काय नि सोमवारी मेलो काय, मेलो ना?"

मी म्हणालो, "मामा, मेलाच नाही तो. सोमवारी मी मोजले त्यात रविवारचेही आलेच होते. तुमचे आकडे सगळे वरचे आहेत."

"वेखंडात जरा जास्त लिहायचो. तुझा निकाल चांगला यावा म्हणून." मग त्यांनी फडकं पिळलं. "सगळ्यांचे रविवार मीच भरलेत. तुझ्या सरांचे पण. झाले ना ते सर?"

त्यांच्या आवाजात ओशाळलेपणा नव्हता. उलट मीच काहीतरी कृतघ्नपणा करतोय असं त्यांना वाटत होतं. वर्षभर ज्यांच्या शब्दावर मी किड्यांवर फुंकर घालत शंभर मोजले, त्यांनी माझा एकही रविवार मोजला नव्हता. दुसऱ्या कुणी फसवलं असतं तर मी भांडलो असतो. मामांशी कसं भांडायचं ते मला माहीत नव्हतं.

मी कपाटातून सरांचा, म्हणजे माझ्या मार्गदर्शकांचा, जुना प्रबंध काढला. सर याच प्रयोगशाळेचे विद्यार्थी. शेवटी जोडलेल्या तक्त्यांत एकही रविवार रिकामा नव्हता.

सरांकडे गेलो. त्यांना सगळं सांगितलं आणि म्हटलं, सोमवारचे आकडे खरे आहेत, ते दोन दिवसांचे धरू आणि रविवार काढून टाकू. तसं केलं की प्रत्येक बरणीची बेरीज पन्नास येते. फक्त त्या बरणीत एक्केचाळीसच्या जागी चौतीसच मेले असं दिसेल. सर तरुण होते, माझ्याशी नेहमी चांगले वागले होते. त्यांनी वही फिरवून बघितली आणि शांतपणे म्हणाले, "जिवंत सोळा आहेत तिथे नऊ कर. संपलं."

मी विचार करतो म्हणालो. खरंच केला. एक्केचाळीसवर पहिला वर्ग होता, कदाचित एखाद्या मासिकात सरांच्या नावाखाली माझंही नाव. घरी वडील निकालाची वाट बघत होते. शेवटी मी लाल पेनने प्रत्येक रविवारवर रेघ मारली आणि प्रबंधात लिहिलं की रविवारी निरीक्षण झालं नाही. कंत्राटदाराचं काम सोडलं. दुसऱ्या फेरीचे उरलेले रविवार मी स्वतः किल्लीवर सही करून मोजले. त्या फेरीत वेखंडाच्या बरण्यांचे आकडेही चौतीसच्याच आसपास राहिले. मामा माझ्याशी बोलत होते, पण कामापुरतं. लाल रेघा त्यांनी बघितल्या होत्या.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. वयस्कर, सावकाश बोलणारे. त्यांनी प्रबंध बाजूला ठेवला आणि मूळ वही मागितली. रविवारच्या रेघांवर बोट ठेवून विचारलं, "हे अक्षर कुणाचं?"

मामा नेमके चहाचा ट्रे घेऊन दारात उभे होते. मी सरांकडे बघितलं. मला वाटलं, सर काहीतरी सावरून घेतील, त्यांचेही रविवार याच अक्षरात होते. सर म्हणाले, "आमचा शिपाई. अधूनमधून लुडबुड करतो. मी ताकीद दिली आहे."

मामांनी तीन कप टेबलावर ठेवले. सरांच्या चहात साखर नसायची, तो कप त्यांनी न चुकता सरांच्या पुढे ठेवला. परीक्षकांनी माझ्याकडे बघितलं, मी काही जोडतो का म्हणून. मी वेखंडाबद्दल बोलायला लागलो.

मला दुसरा वर्ग मिळाला. पुढच्या महिन्यात मामांना तळमजल्यावरच्या मोडक्या फर्निचरच्या खोलीवर टाकल्याचं कळलं. दाखला घ्यायला गेलो तेव्हा ती खोली फाटकातून दिसत होती. मी गेलो नाही. मला त्यांचा राग आला होता आणि आपल्याला राग येण्याचा हक्क आहे, याचं मला तेव्हा बरंच बरं वाटत होतं.

दोन वर्षांनी, धान्याच्या गोदामात किडी तपासायची नोकरी लागल्यावर, मी त्यांना कांजूरच्या पत्त्यावर पत्र पाठवलं. त्याची कच्ची प्रत माझ्याकडे आहे.

"मामा,

नमस्कार. मी बोरिवलीला गोदामात लागलो आहे. पोत्यात परखीची पोकळ सळई घालून नमुना काढतो आणि किडे मोजतो. तुम्ही दिलेला ब्रश अजून वापरतो. त्याचे केस निम्मे गेले आहेत.

तुम्ही मला फसवलंत. हे तोंडावर नीट म्हणायचं राहिलं म्हणून लिहितो. तुम्ही येत नव्हतात तर तसं सांगायचं होतं, मी रविवारचं काम सोडलं असतं. माझं चांगलं व्हावं म्हणून लिहिलंत, हे मला पटलं आहे, पण त्याने राग गेलेला नाही.

परीक्षकांनी विचारलं तेव्हा मी बोलायला हवं होतं. सरांचे रविवार कुणी भरले ते सांगायला हवं होतं, आणि टाचणी कुठून लावायची हे मला कुणी शिकवलं तेही. मी घाबरलो. पहिला वर्ग जाणार हे ठरलंच होतं, पदवी जाऊ नये एवढंच मनात होतं. तुम्ही कप ठेवून गेलात तेव्हा मी तुमच्याकडे बघितलं नाही.

इथे गोदाम रविवारी बंद असतं. मी त्या रकान्यात काही लिहीत नाही. साहेब विचारतात, रिकामा का. मी सांगतो, बंद होतं.

तुम्हाला भेटायचं आहे. मला सुट्टी रविवारचीच असते. येत्या रविवारी दुपारी कांजूरला येतो. घरी असणार असाल तर हो लिहा. नसणार असाल तर नाही लिहा, मी पुढच्या रविवारी येईन."