शेजाऱ्याच्या गावातलं कबरस्तान

परदेशात चँडलरला मी मुलाकडे राहतो, तिथं शेजारी सर्बियाचा एक म्हातारा आहे. त्याचीही बायको गेलेली. इंग्रजी माझ्याइतकंच मोडकं, पण गावाची फुशारकी काही संपत नाही. आधी तुर्कांचं राज्य, मग ऑस्ट्रियाचं. सर्ब, हंगेरियन, जर्मन, ज्यू, सगळे एकाच बाजारात. मग ज्यूंना मारलं, जर्मनांना हाकललं, उरलेल्यांची पोरं परदेशात पळाली. डोंबलाचं गाव! धर्मशाळा बरी.

‘‘आता राहतं कोण तिथं?’’ मी विचारलं.

त्यानं फोनवर बायकोच्या कबरीचा फोटो दाखवला. दगडावर तिच्याशेजारी ह्याचंही नाव आणि चेहरा कोरलेला, फक्त मरणाचं साल रिकामं. तिकडे रीतच आहे म्हणे.

‘‘जिवंतपणीच दगडावर जाऊन बसलास, येड्या!’’

‘‘माझी जागा ठरलीय,’’ तो म्हणाला. ‘‘तुझी बायको कुठंय?’’

ती मुलाच्या कपाटात, डब्यात. पुढच्या महिन्यात नाशिकला अस्थी सोडायच्या होत्या.

घरी येऊन मुलाला म्हटलं, ‘‘तिकिटं कॅन्सल कर. मी गेलो की दोघांना एकदमच सोड.’’

‘‘बाबा, असं कुणी करतं का?’’

‘‘नसेल करत. तिला एकटीला गोदावरीत सोडून मी इथं टीव्ही बघत बसणार नाही.’’