सिस्टरबाई आणि तापणारं इंजिन

धक्क्यावरची माणसं त्यांना सिस्टरबाई म्हणत. सगळी नोकरी ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स म्हणून गेलेली. निवृत्तीनंतरही त्या बोलायच्या ते समोरचा माणूस नुकता कॉलेजातून सुटलेला डॉक्टर आहे आणि त्याने हात न धुताच आत पाय टाकलाय अशा थाटात. भाजीवाला, वॉचमन, सख्खा दीर, कोणाचीही सुटका नव्हती. यजमानांची तर नव्हतीच. ते पोस्टातून निवृत्त झालेले, मऊ स्वभावाचे. बायकोचं बोलणं त्यांनी वर्षानुवर्षं पंख्याच्या आवाजासारखं अंगवळणी पाडून घेतलं होतं.

बोटीची हौस यजमानांची. गळ टाकून पाण्यात बसायचं, एवढंच त्यांचं स्वप्न. त्यापायी त्यांनी एक जुनी फायबरची बोट घेतली. तिचं डिझेल इंजिन बोटीच्या पोटात, फळ्यांखाली बसवलेलं होतं.

"हिच्यापेक्षा टब घ्यायचा," बोट पाहून सिस्टरबाई म्हणाल्या. "निदान बुडालात तर घरातच बुडाल."

इंजिनापाशी उतरायचं तर गुडघे पोटाशी घ्यावे लागत, आणि यजमानांचे गुडघे केव्हाच संपावर गेलेले. म्हणून धक्क्यावरच्या मिस्त्रीला बोलावलं. त्याने नटावर हातोडी घातली, तोंडातली विडी न काढता दोन शिव्या हासडल्या, "झालं काम" म्हणून वर आला आणि गेला. सिस्टरबाईंनी टॉर्च मारून आत पाहिलं. इंजिनाच्या पट्ट्याशेजारीच तेलाने माखलेलं फडकं पडलं होतं. मिस्त्री विसरून गेला होता.

"पेशंटच्या पोटात बोळा विसरणारा माणूस!" त्या कडाडल्या. "अहो, उद्यापासून हा बोटीवर दिसला तर मी दिसणार नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी यजमानांची जुनी पँट चढवली, केस फडक्यात बांधले आणि फळ्या उचलून स्वतः आत उतरल्या. इंजिनाचं माहितीपुस्तक त्यांनी आधीच वाचून काढलं होतं. ते लिहिणाऱ्याबद्दलही त्यांचं मत वाईटच होतं. "पुढच्या पानावर काय होणार हे याला स्वतःलाच ठाऊक नाही."

तेल बदलणं, डिझेलचा फिल्टर बदलणं, नळीत शिरलेली हवा काढणं, हे सगळं त्या शिकल्या. बोटं सोलवटली, कोपर काळंनिळं झालं. इंजिन सुरू होऊ लागलं. मग एका सकाळी दोघं बाहेर पडले. बंदराचं तोंड ओलांडलं आणि यजमानांनी गळ हातात घेतला न घेतला तोच बझर किंचाळू लागला. तापमानाचा काटा लालवर होता. सिस्टरबाईंनी ताबडतोब इंजिन बंद केलं. बोट प्रवाहाबरोबर हळूहळू तिरकी होत चालली. शेवटी माल वाहणाऱ्या एका होडीने दोर टाकला आणि त्यांना ओढत परत आणलं. होडीवाला वाटभर सल्ले देत होता. सिस्टरबाई तोंड फिरवून बसल्या.

धक्क्यावर तोवर गर्दी जमली होती. तिथली रिकामटेकडी माणसं एरवी हाक मारली तरी जागची हलत नसत. पण कोणाचं इंजिन बंद पडलं की लग्नाला आल्यासारखी हजर! त्यांत दीरही होता. त्याने आयुष्यात सायकलची चेनसुद्धा बसवली नव्हती, पण मोबाइलवर व्हिडिओ पाहून पाहून तो सर्वज्ञ झाला होता.

"वहिनी, थर्मोस्टॅट गेलाय. शंभर टक्के."

थर्मोस्टॅट बदलला. इंजिन तसंच तापलं.

"मग कूलंट बदला."

कूलंट बदललं. काटा पुन्हा लालवर.

"वहिनी, रागावू नका, पण इंजिन म्हणजे पेशंट नव्हे."

"नाही कसं, भाऊजी? अगदी तसंच आहे. आधी नातेवाइकांना बाहेर काढावं लागतं."

दीर धक्क्यावर जाऊन बसला, आणि तिथूनही बोलत राहिला.

सिस्टरबाईंनी पुन्हा पुस्तक उघडलं. या इंजिनातलं कूलंट समुद्राच्या पाण्याने गार केलं जातं. पाणी तळातून आत येतं, जाळीतून गाळून पंपात जातं, पंप ते हीट एक्स्चेंजर नावाच्या नळकांड्यात ढकलतो, तिथे ते कूलंटची उष्णता घेतं आणि शेवटी धुराबरोबर मागच्या नळीतून बाहेर पडतं. त्यांनी तळाचा कॉक बंद केला आणि जाळी काढली. स्वच्छ होती. मग पंपाचं झाकण उघडलं. आतला रबरी पंखा कडक होऊन तडकला होता आणि त्याची काही पाती मुळापासून तुटलेली होती.

"हा पाहा तुमचा थर्मोस्टॅट!" त्यांनी पंखा वर धरून दिराला दाखवला आणि कचऱ्याच्या डब्यात भिरकावला. नवा पंखा साबणाच्या पाण्यात बुडवून, पाती वाकवून आत बसवला, झाकण आवळलं. इंजिन सुरू केलं तर मागच्या नळीतून पाणी पडू लागलं. सिस्टरबाईंनी धक्क्याकडे अशा नजरेने पाहिलं की दोघेतिघे उगीचच घड्याळात बघू लागले.

पण बोट जरा वेगात नेली की काटा पुन्हा चढायचा. हळू गेलं तर ठीक, वेग घेतला की बझर. मग त्यांचा पारा इंजिनाच्या पुढे गेला. नवा पंखा विकणारा दुकानदार चोर ठरला. इंजिन बनवणारे अडाणी ठरले. समुद्राचं पाणीच हल्ली गरम असतं, असंही एकदा त्या म्हणाल्या. त्यांनी नळ्यांच्या क्लिपा बदलल्या, पट्टा ताणला, काट्याची वायर तपासली. घरी जेवताना ताटाकडे लक्ष नसे. यजमानांनी एकदा हळूच बोट विकायची गोष्ट काढली.

"विका! आणि लोकांना सांगा, बायकोला जमलं नाही," त्या म्हणाल्या. तो विषय तिथेच संपला.

असेच एकदा त्या फळ्यांखाली वाकून बसल्या होत्या. यजमान वर स्टुलावर बसून टॉर्च धरत होते. त्यांनी विचारलं, "अगं, त्या जुन्या पंख्याची तुटलेली पाती कुठे गेली?"

"डब्यात टाकला ना तो पंखा. डोळ्यांदेखत टाकला."

"पंखा टाकलास. सगळी पाती कुठे होती त्याला?"

सिस्टरबाईंनी पाना खाली ठेवला.

त्यांच्या थिएटरमध्ये टाके घालण्याआधी बोळे मोजायचा नियम होता. एकदा एक बोळा कमी भरला, तेव्हा त्यांनी एका बड्या सर्जनला पोट उघडं ठेवून थांबायला लावलं होतं. तो लालबुंद झाला, ओरडला, तक्रार करीन म्हणाला. बोळा मिळेपर्यंत त्यांनी त्याच्या हातात सुई दिली नव्हती. आणि इथे पाती कमी असलेला पंखा उचलून फेकला आणि झाकण लावून मोकळ्या झाल्या! का, तर दिराचं तोंड बंद करायचं होतं.

त्यांनी पंपापुढची नळी सोडवली. वाकणात एक काळा तुकडा अडकलेला होता. मग हीट एक्स्चेंजरचं बाजूचं झाकण उघडलं. आत बारीक नळ्यांचा जुडगा होता, आणि नळ्यांच्या तोंडांवर रबराचे बाकीचे तुकडे जळवांसारखे चिकटून बसले होते. हळू जाताना थोडं पाणी पुरत होतं. वेगात इंजिनाला जास्त लागायचं आणि ते तिथेच अडायचं. चिमट्याने एकेक तुकडा काढून त्यांनी फडक्यावर मांडला, पातं पात्याला जुळवून पाहिलं. एक कोपरा कमी होता. तो शोधण्यात दुपार गेली. शेवटी तो पंपातून पाणी बाहेर पडायच्या तोंडाशीच सापडला.

मग त्या बोलू लागल्या. स्वतःला. बिनडोक, उंटावरची शहाणी, मिस्त्रीपेक्षा वाईट, तो निदान फडकं इंजिनाबाहेर तरी विसरला होता. आयुष्यभर लोकांना शिकवलं आणि स्वतः काय केलं! नोकरीत असं केलं असतं तर कानाला धरून बाहेर काढायला हवं होतं.

यजमानांनी थोडा वेळ ऐकून घेतलं. मग टॉर्च विझवला.

"पुरे," ते म्हणाले. "माझ्या बायकोला कोणी इतकं बोललेलं मला चालत नाही."

इतक्या वर्षांत त्यांनी आवाज चढवल्याचं सिस्टरबाईंना आठवत नव्हतं. आजही चढवला नव्हताच.  त्यांनी काळ्या हातांनीच डोळ्यांवर आलेले केस मागे सारले आणि म्हणाल्या, "टॉर्च लावा. झाकण अंधारात बसवू का?"

दुसऱ्या दिवशी दीर हजर. "सापडलं म्हणे? मी म्हणतच होतो, आत कुठेतरी काहीतरी अडकलंय."

"तुम्ही हे सोडून सगळं म्हणत होता, भाऊजी. चूक माझी होती. मी पाती शोधली नाहीत. आता हे धक्क्यावर सांगा जाऊन, तेवढं तरी बरोबर सांगाल."

 दिराने मात्र कोणाला काही सांगितलं नाही.

त्या दिवशी बोट बंदराबाहेर बरीच लांब गेली. वेग वाढवला तरी काटा मध्यावर गप्प बसून होता. यजमानांनी गळ टाकला. सिस्टरबाईंची नजर समुद्राकडे नव्हती, काट्यावर होती. बऱ्याच वेळाने बोटभर लांबीचा एक मासा लागला.

"एवढ्याशा जिवासाठी एवढं डिझेल!" त्या म्हणाल्या. यजमानांनी हसत मासा पाण्यात सोडून दिला.

परतताना धक्क्यावर नेहमीची माणसं रांगेत उभी होती, वाफ केव्हा दिसते याची वाट पाहत. बोट जवळ आली. मागच्या नळीतून भकाभका पाणी पडत होतं, इंजिन एका लयीत चाललं होतं. तमाशा नाही म्हटल्यावर एकेकजण पांगला. मागे राहिलेल्या एकाने दोर झेलून खुंट्याला गुंडाळला. सिस्टरबाईंनी खाली उतरून तो पाहिला.

"ही गाठ म्हणायची?" असं म्हणून त्यांनी ती सोडली आणि स्वतः नव्याने बांधली.