मावशीचा खिडकीकडचा गाल

माझ्या मावशीचा डावा गाल अठ्ठेचाळीस वर्षांचा आहे आणि उजवा पासष्टचा. मावशी स्वतः छप्पन्नची. थट्टा नाही करत मी. त्वचेच्या दवाखान्यात काउंटरवर बसते, रोज शेकडो गाल बघते, पण असा अर्धा-अर्धा चेहरा दुसरा पाहिला नाही.

कारण साधं आहे. मावशी सत्तावीस वर्षं शाळेची बस चालवते. ड्रायव्हरची खिडकी उजव्या हाताला. सकाळची फेरी, दुपारची फेरी, आणि सगळं ऊन त्याच गालावर. डोळ्याच्या कडेपासून जबड्यापर्यंत रेषाच रेषा, मधे तपकिरी डाग. डावा गाल मात्र गुळगुळीत. फोटो काढायचा म्हटलं की मावशी मान अशी वळवते की उजवा गाल पळूनच जातो. माझ्या दहावीपासूनच्या सगळ्या फोटोंत ती कुणीतरी हाक मारल्यासारखी बाजूला बघतेय!

आणि नेमकं याच गालापायी तिचं लग्न अडलं होतं.

नवरदेव म्हणजे बसच्या आवारातले मेकॅनिक काका. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, बोलणं मोजकं, इंजिनाचा आवाज ऐकून रोग सांगणारे. रोज सकाळी बस निघायच्या आधी ते खिडकीखाली उभे राहतात, कान देतात आणि म्हणतात, "चालू द्या." तीन वर्षांपूर्वी त्याच खिडकीखाली, हातात पाना घेऊन ते म्हणाले, "क्लच नवीन टाकलाय. आणि आपण लग्न करावं असं माझं म्हणणं आहे. सावकाश सांगा." मावशीने सावकाश कसलं, दुपारच्या फेरीआधीच हो म्हणून टाकलं. घरी येऊन मला मिठी मारली तर माझ्या बरगड्या दुखल्या.

मग अडलं कुठे? नोंदणीच्या फॉर्मवर. तिथे फोटो हवा समोरून, दोन्ही कान दिसतील असा. मान वळवायची सोय नाही. मावशी म्हणाली, "आधी गाल ठीक करते, मग फोटो." तीन वर्षं तो फॉर्म तिच्या पर्समध्ये घडी होऊन पडला होता. काका काही बोलले नाहीत. ते बोलत नाहीत हीच तर भानगड आहे.

गेल्या महिन्यात मात्र बोलले. त्यांची लेक दुसऱ्या गावी असते, ती म्हणत होती की एकटे कशाला राहता, इकडे या. काका मावशीला म्हणाले, "या शुक्रवारी तिला कळवायचंय. तुमचं नक्की असेल तर मी हलत नाही. नसेल तर जातो."

तो सोमवार होता. मंगळवारी दोन फेऱ्यांच्या मधे मावशी किल्ल्या खुळखुळवत आमच्या दवाखान्यात शिरली. मला ओळखही न दाखवता थेट डॉक्टरांच्या खोलीत! मी मागोमाग धावले.

"डॉक्टर, शुक्रवारपर्यंत हा गाल त्या गालाइतका करून द्या."

आमच्या डॉक्टर फार गोड, पण खोटं बोलत नाहीत. दिवा जवळ धरून त्यांनी दोन्ही गाल पाहिले. "उन्हापासून जपायला काही लावता का?"

"म्हणजे काय! ही काउंटरवरची माझी भाची. तिने दिलेलं सनस्क्रीन तीन वर्षं रोज लावतेय. एक दिवस खाडा नाही. पालथ्या घड्यावर पाणी!"

मी शपथेवर सांगते, दर महिन्याला ट्यूब मीच देत होते.

"कुठे लावता? घरी?"

"घरून निघते तेव्हा अंधार असतो, तेव्हा कशाला? बसमध्ये. पहिल्या थांब्यावर पोरं चढत असतात तेव्हा."

"लावून दाखवा बरं."

मावशी खुर्चीत ताठ बसली. उजवा हात पुढे, नसलेल्या स्टीअरिंगवर. मग वर टांगलेल्या, नसलेल्या आरशाकडे डावीकडे वाकली आणि डाव्या हाताने डावा गाल चोळू लागली. मन लावून, कानापर्यंत, मानेपर्यंत. शेवटी बोटांना राहिलं असेल-नसेल ते उजव्या गालावर एकदा पुसलं आणि हात स्टीअरिंगवर परत.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मी डॉक्टरांकडे.

"अगं मावशी," मी ओरडलेच, "काखेत कळसा नि गावाला वळसा! ऊन या गालावर, क्रीम त्या गालावर!"

"आतल्या आरशात जेवढं दिसतं तेवढंच ना लावणार!" मावशी भडकली. "आणि बाहेरचा आरसा मागच्या गाड्या बघायला असतो, तोंड बघायला नाही. पोरं असतात बसमध्ये." मग तिचं तिलाच हसू फुटलं. आम्ही तिघी इतक्या हसलो की बाहेरचे पेशंट आत डोकावले.

हसू थांबल्यावर मावशी म्हणाली, "बरं, आता लेझर करा."

डॉक्टरांनी तिचा हात हातात घेतला. लेझरने गाल आठवडाभर लाल राहील, पुढे कित्येक आठवडे ऊन चालणार नाही, आणि ड्रायव्हरच्या सीटवर ते जमायचं नाही. उलट काळे डाग पडायचे. इंजेक्शन कपाळाच्या आठ्यांना चांगलं, उन्हाने पडलेल्या रेषांना त्याचा फारसा उपयोग नाही. खिडकीची काच लावली तरी सुरकुत्या पाडणारं ऊन आत येतंच. म्हणून आधी सनस्क्रीन, भरपूर, उजवीकडेसुद्धा, दर दोन-तीन तासांनी. रात्री एक क्रीम. सुट्टी लागली की वरची मृत त्वचा काढणारं हलकं पीलिंग. "सहा महिन्यांत फरक दिसेल. पण दोन्ही गाल अगदी सारखे होतील असं मी म्हणणार नाही."

"शुक्रवारपर्यंत काहीच नाही?"

"नाही."

मावशी बाहेर येऊन सोफ्यावर बसली. "कळवते त्यांना, जा म्हणून," एवढंच म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि माझं डोकं फिरलं. तीन वर्षं एका गालासाठी! मी फोन उचलला आणि काकांना सांगितलं, "आहात तसे या. आत्ता."

पंधरा मिनिटांत आले, कोपरापर्यंत ग्रीस. सोफा दाराशी आडवा आहे, त्यामुळे मावशीचा डावा गाल दाराकडे. काकांनी सोफ्याकडे पाहिलं, अदबीने जरा सरकून पुढे गेले आणि काउंटरवर मला विचारलं, "बाई कुठे आहेत?"

मी बोट दाखवलं. ते वळले, पुन्हा पाहिलं, पुन्हा माझ्याकडे बघू लागले. ओळखलं नाही! देवाशप्पथ, ओळखलं नाही!

मावशी गर्रकन वळली. "अहो, मी इथे!"

काकांचा जीव भांड्यात पडला. "तुम्ही होय! मला वाटलं दुसऱ्याच कुणी बसल्यात."

"दुसऱ्या म्हणजे तरुण का?" मावशीने विचारलं.

"ते काय माहीत," काका म्हणाले. "माझ्या ओळखीच्या नव्हत्या."

वीस वर्षं हा माणूस खिडकीखाली उभा राहिलाय. त्याने पाहिलेली मावशी हीच, उजव्या गालाची. आणि ज्या गालापायी तिने त्याला तीन वर्षं थांबवलं, तो नेमका हाच! मावशीने पर्स उघडून फॉर्म काढला आणि मला म्हणाली, "शेजारी फोटोवाला आहे ना? केस बांध माझे. दोन्ही कान दिसले पाहिजेत."

शुक्रवारी फॉर्म गेला. लेकीला काकांनी फोन केला, तर ती म्हणे आनंदाने किंचाळली.

शनिवारी शाळेची जादा फेरी होती. मी मुद्दाम मावशीबरोबर बसमध्ये बसले. खिडकीच्या खांबाला, अगदी उजव्या हाताशी, तळव्याएवढा गोल आरसा स्क्रूने घट्ट बसवलेला. नवाकोरा! मावशीने दोन बोटं भरून क्रीम घेतलं आणि आधी उजव्या गालाला लावलं. कोवळं ऊन नेमकं तिथेच यायला लागलं होतं, तेवढ्यात काका येऊन नेहमीच्या जागी, खिडकीखाली, उभे राहिले.

"सरका, उशीर होतोय," मावशी म्हणाली.

"लावून होऊ द्या," काका म्हणाले. "तोवर सावली धरतो."