अण्णाची मूठ

व्हिएतनामला जायचं खूळ माझं. थोरल्या भावाला, अण्णाला, मीच भरीस घातलं. एमआयडीसीत टॉवेलच्या मागांच्या खडखडाटात त्याचा जन्म गेला. म्हटलं, जरा शांतता ऐकेल. चुनखडीच्या डोंगरातली ती गुहा इतकी शांत होती की मला स्वतःच्या छातीतले ठोके नकोसे झाले.

आम्ही सहाजण आणि तिथला एक गाइड. एका जागी छत इतकं खाली आलं की पोटावर सरपटत, एक हात पुढे करून पलीकडे जायचं होतं. गाइड गेला, मागोमाग मी गेले. मग अण्णा शिरला आणि डोकं नि एक हात आमच्या बाजूला येताच अर्ध्यात अडकला. बाकीचे त्याच्यामागे खोळंबले.

"तंगी," तो म्हणाला. धाकट्या बहिणीला हाक मारायचा हा आमच्या घरातला कानडी शब्द. "छातीत रुततंय गं. श्वास घेता येईना."

मला लगेच कळलं. गळ्यातली इष्टलिंगाची चांदीची डबी छातीखाली आडवी झाली होती. आमच्यात इष्टलिंग जिवंतपणी अंगावेगळं करत नाहीत. अण्णाने तर ऑपरेशनच्या वेळीही डॉक्टरांशी भांडण काढलं होतं. गाइडने त्याच्या मानेशी दोरा चाचपला आणि कमरेचा चाकू काढला.

"तोडू देऊ नको की त्याला!" अण्णा ओरडला, आणि त्या ओरडण्यात उरलासुरला श्वासही गेला. माझ्या हेल्मेटच्या दिव्यात त्याचे ओठ पांढरे दिसले. मला त्याचा भयंकर राग आला आणि रागापेक्षा जास्त भीती वाटली. वहिनीला काय सांगू, एवढंच डोक्यात घुमत होतं.

मग त्याचा पुढे आलेला डावा हात दिसला. रोज पूजेला याच तळव्यावर इष्टलिंग घेऊन तो बसतो.

"अण्णा, तुझ्या हातात देते. हात म्हणजे अंगच की!"

त्याने तळवा उघडला. मी गाइडला मानेने खूण केली. दोरा तुटला. दोऱ्याचं टोक धरून मी डबी ओढून काढली, तळव्यावर ठेवली आणि अण्णाची बोटं मिटवली.

"आता सगळा श्वास सोड."

गाइडने आणि मी काखेत धरून ओढलं. शर्ट टरकला, अण्णा बाहेर आला आणि मला बिलगून हमसून हमसून रडला. मीही रडले.

जरा वेळाने त्याने गाइडला खुणेने विचारलं, बाहेर जायची वाट कुठली?

गाइडने टॉर्चचा झोत त्याच भोकावर टाकला.

अण्णाने मूठ आणखी आवळली. "तू पुढं हो," म्हणाला, "मला तुझं तोंड दिसू दे."