पॅनेलचे वेगळे किती?

घर विकायला काढलं तेव्हा गच्चीवरच्या सोलर पॅनेलमुळे चार पैसे जास्त मिळतील, असा माझा हिशोब होता. परवा दुपारी घर बघायला आलेल्या गृहस्थांनी गच्चीवर येताच तोच विषय काढला. "याचे वेगळे किती धरलेत?"

मी उत्तर देणार, तोच त्यांच्या आई पुढे झाल्या. त्यांनी चपला काढल्या, तापलेल्या पॅनेलच्या जरा वर दोन्ही तळहात धरले आणि देवळात आरती घेतात तसे डोळ्यांना लावले.

खाली माझी बायको मिक्सरवर शेंगदाण्याची चटणी वाटत होती. ती घरघर रोजचीच, पण त्या क्षणी अंगावर काटा आला. कुठून कुठून, एवढा अंधार ओलांडून आलेलं ऊन आमच्या शेंगदाण्यांपर्यंत पोचत होतं. मी आपला महिन्याचं बिल तेवढं बघायचो.

"सांगा ना, किती?" गृहस्थ म्हणाले.

"आधी चपला काढ," आई त्यांना म्हणाल्या.

त्यांनी निमूट काढल्या. फरशी चांगलीच चटके देत होती, तरी आम्ही तिघंही तिथेच उभे होतो. माझ्या चपला मी कधी काढल्या, ते मला कळलंही नव्हतं.