न उतरलेलं पाणी

गावी जायला वडशाच्या स्टेशनवर उतरले तेव्हा अंगात त्राण नव्हतं. खांद्याला पाण्यात बुडी मारायच्या सामानाची पिशवी. मी प्रवाळ मोजते, म्हणजे समुद्राच्या बुडाशी वाढणारे हे जीव किती जगले, किती मेले ते टिपते. गावात म्हणतात, पोरगी समुद्रात दगड मोजते. समजावून सांगायचं मी आता सोडून दिलंय.

गेली दोन वर्षं काम किनाऱ्यावरच्या एका लष्करी तळाजवळ चाललं होतं. तळाला लागून असलेल्या पट्ट्यात कोणालाच सोडत नाहीत. होड्या नाहीत, जाळी नाहीत, आम्हीही नाही. अर्ज करकरून कंटाळले. अहवालाची मुदत आली आणि नकाशात तेवढा पट्टा कोरा राहिला. तो मी भरला. ‘प्रवाळ निरोगी’ असं लिहून टाकलं.

लबाडी नव्हती ती. मी ढिवराची, तलावात मासे धरणाऱ्याची लेक. आमच्या तलावाच्या एका कोपऱ्यात बाबा आणि त्यांचे सोबती कधीच जाळं टाकत नाहीत. बियाण्याची मासोळी तिथे राहते. जाळं पडत नाही तिथे पाणी मासळीने भरलेलं असतं, हे इतकं अंगवळणी पडलेलं की शंकाच आली नाही.

मागच्या आठवड्यात त्या पट्ट्यात उतरायची परवानगी मिळाली, एकदाच. खाली गाळच गाळ. जहाजांना खोली मिळावी म्हणून लष्करी तळाजवळचा समुद्र उपसतात, तो गाळ प्रवाळावर बसलेला. हाताने बाजूला सारला तर खाली सगळं मेलेलं. अहवाल तोवर पुढे गेला होता, आणि त्याच्याच भरवशावर, उपशाने काही बिघडत नाही असं धरून, उपसा शेजारच्या जित्या प्रवाळापर्यंत वाढवायचं चाललं होतं. आमचे साहेब म्हणाले, पुढच्या अहवालात बघू. मी इतकी दमले होते की मला ते बरंच वाटलं. याची लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तलावाच्या पाळीवर, बांधावर, बाबा जाळं विणत बसले होते. त्यांना सगळं सांगितलं. वाटलं, म्हणतील, तुझं काय चुकलं?

“आमी तिथी जाल नाई टाकत,” ते म्हणाले, “पण दरसाली उतरून पायानं गाळ पाह्यतो. तू उतरली होती का?”

मांडीपर्यंत चिखल माखून ते त्या कोपऱ्यातून बाहेर येताना मी कितीदा पाहिलं होतं. मला वाटायचं, तिकडून जवळची वाट असेल. पोरींना पाण्यात नेत नसत. मी पाळीवरूनच बघायची.

“नाही,” मी म्हटलं.

“मंग तसं सांग त्यायले.”

तिथेच बसून मोबाईलवर लिहिलं. तो पट्टा मी न बघता निरोगी लिहिला. आता बघितला आहे. मेलेला आहे. उपसा थांबवा. साहेबांना आणि अहवाल जिथे जिथे गेला होता त्या सगळ्यांना पाठवलं. नोकरी राहील असं वाटत नाही.

बाबांनी जाळ्यातून मान वर केली नाही. धाडलं का, एवढंच विचारलं. हो म्हटलं.

“मंग आता झोप जराशी.”